“मॅडम, लशीतूनच एचआयव्ही झाला तर?”

एचआयव्ही प्रतिबंधक लशींच्या संशोधन केंद्रात समुपदेशन करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की समोरचा खुर्चीत नीट टेकायच्या आत तो येणार हे कळतं. उत्तर सरळ आहे: नाही होत. चाचणीतल्या लशीत जिवंत किंवा मेलेला, कुठलाच एचआयव्ही विषाणू नसतो. प्रयोगशाळेत बनवलेला त्याचा एखादा तुकडा, नाहीतर तो तुकडा बनवायची सूचना, एवढंच.

एक तरुण मात्र हे ऐकून मान डोलवायचा आणि पुढच्या भेटीत पुन्हा तेच विचारायचा. अशा वेळी उत्तर लांबवू नये, प्रश्नामागे काय दडलंय ते बघावं, असं मी मानते. म्हणून विचारलं, “समजा झाला. सगळ्यात आधी काय होईल?”

तो बराच वेळ संमतीपत्राचा कोपरा दुमडत राहिला. “नोकरीच्या मेडिकलमध्ये येईल. घरी कळेल.”

भीती रिपोर्टची होती, आणि ती बिनबुडाची नव्हती. लशीमुळे शरीर प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) बनवतं, नेहमीची तपासणी तीच शोधते; त्यामुळे संसर्ग नसतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, कधी कधी कित्येक वर्षं. थेट विषाणू शोधणारी तपासणी खरं काय ते सांगते. म्हणून चाचणीत असताना एचआयव्हीची तपासणी केंद्रातच करून घ्यायची, बाहेर नाही. रक्तदानही करायचं नाही.

“एवढं सगळं असून लस का घ्यायचीय?”

“जोडीदार पॉझिटिव्ह आहे. लस मिळाली की सुटलो.”

मी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला लस मिळेल की तुलनेसाठी नुसतं सलाईनचं पाणी, हे मलाही कळणार नाही. आणि ती वाचवते का, तेच तर शोधतोय.” २००९ साली थायलंडमधल्या मोठ्या चाचणीत सुमारे ३१ टक्के संरक्षण दिसलं होतं, मंजूर लस अजून नाही. उलट तपासण्या करून नियमित घेतलेली प्रेपची, म्हणजे लागण टाळायला आधीच घ्यायची, गोळी लैंगिक संबंधातला धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी करते. जोडीदाराच्या औषधांनी रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे घटला आणि तसाच राहिला, तर संबंधातून लागण होतच नाही.

“हे कुणी सांगितलंच नाही!”

सांगितलं होतं, मीच, पहिल्या भेटीत. तेव्हा त्याच्या डोक्यात रिपोर्ट घुमत होता. म्हणून चाचणीत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते: सहीआधी सगळं आपल्या शब्दांत मोठ्यानं बोलून दाखवा. अडखळाल तिथे आम्हाला थांबवा. आणि सही केल्यावरही केव्हाही बाहेर पडता येतं.

त्याने सही केली नाही. काही दिवसांनी जोडीदाराला घेऊन गोळीची चौकशी करायला आला. सहभागी जमवणारे सहकारी जरा हिरमुसले. मी मात्र खुशीत होते.