वाचकांचे प्रश्न : हिवाळ्याचे तेल आत्ताच घेऊन ठेवावे का?

प्रश्न : आम्ही यंदा मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे एक जुने घर विकत घेतले. घर हीटिंग ऑइलवर तापते आणि बेसमेंटमध्ये 275 गॅलनची टाकी आहे. ऑइलच्या डीलरने तीन पर्याय कळवले आहेत. 700 गॅलनचे पैसे आत्ताच भरले तर गॅलनला 3.60 डॉलर हा भाव मार्चअखेरपर्यंत कायम राहील. 200 डॉलर शुल्क भरले तर भाव 3.80 च्या वर जाणार नाही, मात्र बाजार उतरल्यास उतरलेला भाव लागेल. अथवा ज्या दिवशी तेल येईल त्या दिवसाचा भाव द्यावा. थंडी कडक पडणार असे सगळे म्हणतात. आम्ही दोघेही सोलापूरकडचे, त्यामुळे अंदाज येत नाही. काय करावे?
– एक वाचक, वूस्टर

उत्तर : भावाचा विचार करण्याआधी 700 हा आकडा कोठून आला, हे डीलरला विचारा. आधीच्या मालकाला याच डीलरने तेल पुरवले असेल, तर गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत कोणत्या तारखेला किती गॅलन टाकीत पडले, याची नोंद त्याच्याकडे असते. डीलर हा हिशेब 'डिग्री डे'वर करतात. दिवसाचे सरासरी तापमान 65 अंश फॅरनहाइटपेक्षा जितके अंश खाली, तितके त्या दिवसाचे डिग्री डे. म्हणजे सरासरी 25 अंश असेल तर 40. दर पाच डिग्री डेमागे एक गॅलन जाळणारे घर त्या दिवशी आठ गॅलन तेल पिते. मात्र ही नोंद घराइतकीच त्यात राहणाऱ्यांचीही असते. आधीचे मालक वरच्या मजल्यावरच्या खोल्या बंद ठेवून दोघेच राहत असतील आणि आता तेथे लहान मुले झोपणार असतील, तर जुना आकडा तुम्हाला पुरणार नाही.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून सांगतो. 700 गॅलन तेलातील उष्णता आपल्याकडच्या 14.2 किलोच्या 140 ते 150 गॅस सिलिंडरांइतकी होते. एका घराने एका हिवाळ्यात एवढे जाळावे, हे सोलापूरच्या माणसाला खरे वाटणार नाही; पण न्यू इंग्लंडमधील, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील राज्यांमधील, जुन्या लाकडी घरांत हे नेहमीचेच आहे.

आता भावाविषयी. हीटिंग ऑइल म्हणजे जवळजवळ डिझेलच. रस्त्यावरच्या वाहनांचा कर त्यावर नसतो आणि ते ओळखू यावे म्हणून त्यात लाल रंग घालतात. त्यामुळे वूस्टरमध्ये थंडी किती पडली यापेक्षा ट्रक, शेती आणि युरोप यांना त्या वेळी किती डिझेल हवे आहे, यावर तुमचा भाव अधिक अवलंबून राहतो. फिलाडेल्फियाची मोठी रिफायनरी 2019 मधील आगीनंतर बंद झाली आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे बाहेरच्या तेलावरचे अवलंबित्व वाढले. 2022 च्या शरद ऋतूत, युक्रेन युद्धाच्या पार्श्वभूमीवर, अमेरिकेच्या ईशान्येत भाव गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला. उलट उदाहरण 2008 चे. त्या वर्षी जुलैत कच्चे तेल बॅरलला 145 डॉलरच्या पुढे गेले होते आणि डिसेंबरात ते 40 च्याही खाली आले. घाबरून उन्हाळ्यात भाव बांधून घेतलेल्या कुटुंबांनी तो सारा हिवाळा शेजाऱ्यांपेक्षा महाग तेल जाळले. म्हणून 'थंडी कडक, सबब भाव चढणार' हे गणित मला मान्य नाही.

तुमच्यापुढचे पर्याय मांडून पाहू. दुसऱ्या पर्यायातील 200 डॉलर 700 गॅलनवर वाटले, तर गॅलनमागे सुमारे 29 सेंट पडतात, म्हणजे 3.80 ची ही मर्यादा प्रत्यक्षात 4.09 ची आहे. बाजारभाव 3.31 च्या खाली गेला तरच हा पर्याय पहिल्यापेक्षा स्वस्त ठरतो, आणि भाव वर गेला तर पहिल्यापेक्षा महागच पडतो. मर्यादेचे शुल्क एवढे असेल तर ते भरावेसे मला वाटत नाही.

पहिल्या पर्यायात 2,520 डॉलर एकरकमी जातात आणि खरा धोका तेथे आहे. हिवाळ्याच्या मध्यावर डीलरचा धंदा बुडाला, तर तेलही नाही आणि पैसेही नाहीत, अशी वेळ या भागातील अनेक कुटुंबांवर आलेली आहे. म्हणून डीलरने तुमच्या नावाचे तेल पुढे करार करून खरोखर घेऊन ठेवले आहे का, हे लेखी मागा. उरलेल्या गॅलनचे काय होणार, हेही करारात वाचा; काही डीलर पैसे परत करतात, काही त्या दिवसाच्या भावाने हिशेब करतात आणि काहींच्या करारात मार्चनंतर ते बुडीतच जातात. घरातला हा तुमचा पहिलाच हिवाळा आहे, तेव्हा सारे 700 बांधू नका. डीलर तयार असेल तर 350 ते 400 गॅलन ठरलेल्या भावाने घ्या आणि बाकीचे बाजारभावाने. हा मार्ग सर्वांत स्वस्त निघेलच असे नाही, परंतु कोणत्याही बाजूने चुकलात तरी अर्धेच चुकाल.

वीज किंवा पाइपने येणारा गॅस यांसारखे संरक्षण तेलाला नाही, हेही लक्षात ठेवा. मॅसॅच्युसेट्समध्ये आर्थिक अडचणीतील कुटुंबाचा तो पुरवठा 15 नोव्हेंबर ते 15 मार्च या काळात तोडता येत नाही. ऑइलचा डीलर मात्र खासगी व्यापारी आहे आणि पैसे नसतील तर त्याचा ट्रक येणार नाही.

आणि टाकी भरण्याआधी छताखालच्या माळ्याकडे पाहा. मॅसॅच्युसेट्समधील 'मास सेव्ह' या ऊर्जाबचत योजनेत घराची तपासणी विनामूल्य होते आणि छताखालच्या इन्सुलेशनचा बराचसा खर्च योजना उचलते. तिचा पैसा वीज आणि गॅसच्या बिलांतून गोळा होतो, त्यामुळे घर तेलावर तापत असले तरी सहभागी वीजकंपनीचे ग्राहक असल्यास तुम्ही पात्र आहात. नगरपालिकेची स्वतःची वीज असलेल्या गावांना मात्र ती लागू नाही. तपासणीची वेळ आजच मागा. बर्नरची वार्षिक साफसफाई, नॉझल आणि फिल्टर बदलणे, हेही थंडीआधी उरकून घ्या, कारण पहिल्या गारठ्यानंतर मेकॅनिक आठवडाभर मिळत नाही.

प्रश्न : रात्री सारे घर तापवण्याऐवजी झोपण्याच्या खोलीत विजेचा हीटर लावला तर पैसे वाचतील का?
– एक वाचक, नाशुआ, न्यू हॅम्पशायर

उत्तर : उष्णतेला उष्णता लावून पाहिली, तर वीज फार महाग पडते. 85 टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमध्ये जळलेले एक गॅलन तेल जेवढी ऊब देते, तेवढीसाठी साध्या हीटरला सुमारे 34 युनिट लागतात. युनिट 30 सेंट धरल्यास दहा डॉलरहून अधिक. तरीही एकच खोली तापवून बाकीच्या घराचा थर्मोस्टॅट खरोखर उतरवलात, तर फायदा होऊ शकतो. फक्त तो 55 अंशांखाली नेऊ नका, नाहीतर भिंतीतले पाइप गोठून फुटतील आणि पाच हिवाळ्यांचे तेल त्या दुरुस्तीत जाईल. हीटर एक्स्टेन्शन कॉर्डवर लावू नका. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचणारे विजेचे यंत्र, ही वेगळी गोष्ट आहे. तो तेवढीच ऊब साधारण 14 युनिटांत देतो, त्यामुळे तेल चार डॉलरच्या पुढे गेले की तो स्वस्त ठरू लागतो.

प्रश्न : गेल्या वर्षी शनिवारी रात्री टाकी रिकामी झाली आणि डीलर सोमवारी येणार होता. सासू-सासरे नागपूरहून आलेले होते. अशा वेळी पेट्रोल पंपावरचे डिझेल टाकीत घालता येते का?
– एक वाचक, हार्टफर्ड

उत्तर : येते. बर्नर बंद करून डिझेलसाठीच्या पिवळ्या कॅनमधून पाच ते दहा गॅलन ओता, तळाचा गाळ बसेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि मग बर्नरचे रीसेट बटण एकदाच दाबा. बर्नर पेटला नाही तर पाइपमध्ये हवा अडकलेली असते; ती काढण्याची माहिती नसेल तर बटण पुन्हापुन्हा न दाबता मेकॅनिकला बोलवा, कारण प्रत्येक वेळी न जळलेले तेल आत साचत जाते. पेट्रोल मात्र कोणत्याही परिस्थितीत टाकीत घालू नका.