घर स्पेनमध्ये, पगार पौंडात

प्रश्न : मी आणि माझी पत्नी इंग्लंडमध्ये नोकरी करतो, दोघांचाही पगार पौंडात. स्पेनमध्ये फ्लॅट घेतोय. तिथल्या बँकेचं कर्ज 1,50,000 युरो, मुदत 20 वर्षं. एजंट म्हणतो, पगार मागे ठेवा, फ्लॅटचं होणारं भाडं हेच मुख्य उत्पन्न दाखवा, फाइल लवकर सुटेल. बँकेचे कागद सोमवारी हातात आले, सही पुढच्या सोमवारी आहे. घर युरोत, कर्ज युरोत, मग धोका कसला?

उत्तर : आधी एजंटचं ऐकणं थांबवा. तो सुचवतोय ती युक्ती तुमचं सगळ्यात मोठं संरक्षण काढून घेते.

कर्ज परकीय चलनातलं आहे की नाही, हे घर कुठं आहे यावरून ठरत नाही. हप्ता ज्या पैशातून फेडणार तो कोणत्या चलनात येतो, हे कायदा बघतो. तुमचा पगार पौंडात, म्हणून युरोतलं हे कर्ज तुमच्यासाठी परकीय चलनातलंच. स्पेनच्या 2019 च्या गृहकर्ज कायद्याच्या (5/2019) कलम 20 नुसार अशा कर्जदाराला कर्ज आपल्या उत्पन्नाच्या चलनात बदलून मागता येतं. पण उत्पन्न कोणत्या चलनात, हे बँकेनं तुमची ऐपत शेवटची तपासली तेव्हाच्या नोंदीवरून ठरतं. तिथं युरोतलं भाडं लिहिलं गेलं, की पुढं पौंडाचा हक्क मागायला तोंड राहणार नाही. वर, जाणूनबुजून खोटी माहिती दिली म्हणून कर्ज रद्द करायचं निमित्त बँकेला मिळेल ते वेगळंच. पगाराच्या स्लिपा द्या आणि त्या घेतल्याची पोच घ्या.

आता धोक्याचं. व्याज 3 टक्के धरलं तर हप्ता साधारण 832 युरो. पौंडाला 1.18 युरो मिळत असतील तर खिशातून 705 पौंड जातील. 2007 च्या सुरुवातीला पौंडाला दीड युरो मिळत होता आणि 2008 च्या डिसेंबरअखेर तो जेमतेम 1.02 वर आला. त्या दरानं हाच हप्ता 816 पौंडांचा. मुद्दलही फुगतं : आजचे 1,27,000 पौंड तेव्हा 1,47,000 होतात, बँकेकडून एक पैसाही जास्त न घेता.

चलन बदलायचा हक्क म्हणजे विमा नव्हे. बदल त्या दिवशीच्या दरानं होतो, म्हणजे पौंड पडल्यावर गेलात तर झालेला तोटा कायमचा पदरात पडतो, आणि पुढं व्याजही पौंडाच्या दरानं. बँक वेळेवर सावध करेल, या भरवशावर राहू नका. युरोपीय संघाच्या 2014 च्या गृहकर्ज निर्देशात इशाऱ्याची किमान रेषा 20 टक्क्यांची आहे, म्हणजे चलनाच्या दरामुळं बोजा त्याहून जास्त वाढला तरच बँकेनं कळवणं सक्तीचं. 1.18 वरून 1.02 म्हणजे बोजा 16 टक्क्यांच्या आतच वाढला, म्हणजे पौंड 2008 अखेरच्या तळाला गेला तरी त्या रेषेपर्यंत पोचत नाही. आपला आकडा आपणच ठरवा. मी 10 टक्के म्हणेन.

याच स्पेनमध्ये येन आणि स्विस फ्रँकमधली कर्जं लोकांनी कमी व्याजाला भुलून घेतली होती. नोव्हेंबर 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अशा एका करारातली चलनाची कलमं रद्द ठरवली, कारण धोका नीट समजावला गेला नव्हता. पण निकाल हाती येईपर्यंत वर्षं जातात आणि हप्ते चालूच राहतात.

फार अडलं तर किल्ल्या बँकेला देऊन मोकळं होऊ, असा विचार मनात असेल तर काढून टाका. करारात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घर विकून उरलेली बाकीही तुमच्याकडून वसूल होते. स्पेनच्या नागरी संहितेचं कलम 1911 कर्जदाराच्या आजच्या आणि उद्याच्या सगळ्या मालमत्तेवर हात ठेवू देतं. माझ्या मते कागदातली सगळ्यात जड ओळ हीच.

सोमवारची सही तर होऊच शकत नाही. बँकेचे कागद मिळाल्यापासून सहीपर्यंत किमान 10 दिवस जावे लागतात. त्या मुदतीत नोटरीकडे जाऊन करार समजून घेणं सक्तीचं आहे, तेही सहीच्या आदल्या दिवसापर्यंत आणि फुकट. हा शिक्का मारून मोकळा होणारा नोटरी नव्हे. तो प्रश्न विचारतो आणि उत्तरं दस्तात लिहितो. स्पॅनिश येत नसेल तर दुभाषा न्या, एजंटचा माणूस नको. आमचा पगार पौंडात आहे आणि कलम 20 आम्हाला लागू आहे का, हे त्याच्यासमोर विचारा. उत्तर दस्तात उतरल्याशिवाय बाहेर पडू नका.