वाफ देऊनही बाळाची घरघर का थांबत नाही?

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे. दोन दिवस सर्दी, मग खोकला आणि छातीत घरघर. एका डॉक्टरांनी साल्ब्युटामॉलची वाफ (नेब्युलायझर यंत्रातून औषधाचा बारीक फवारा) दिली, दुसऱ्यांनी ‘हा ब्रॉन्किओलायटिस (फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांचा दाह) आहे, वाफेचा उपयोग नाही’ म्हणून ती बंद केली. मोठ्या मुलीला दम्यात याच औषधाने लगेच आराम पडतो. मग बाळाला का नाही?

उत्तर : आवाज सारखा असला तरी बिघाड निराळा आहे. दम्यात श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि साल्ब्युटामॉल ते सैल करतं. ब्रॉन्किओलायटिसमध्ये विषाणू, बहुतेक वेळा आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस), 2 मिलिमीटरहून बारीक नळ्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतो. मेलेल्या पेशी, चिकट स्राव आणि सूज यांनी नळी आतून बुजते. स्नायू सैल केल्याने हा गाळ निघत नाही. त्यात बाळाच्या नळ्या मुळातच अरुंद. त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा साधारण 16 पट होतो, त्यामुळे जराशी सूजही भारी पडते.

दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने पुरावाही भक्कम आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात 30 चाचण्यांतली 1,992 बाळं होती. ब्रॉन्कोडायलेटर, म्हणजे साल्ब्युटामॉलसारख्या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधांनी रक्तातला ऑक्सिजन वाढला नाही, भरती होण्याचं प्रमाण खात्रीने घटलं नाही, रुग्णालयातला मुक्काम किंवा घरचं आजारपणही कमी झालं नाही. उलट छातीचे ठोके वाढणं, हातापायांना कंप, क्वचित ऑक्सिजन खाली जाणं हे त्रास दिसले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2006 मध्ये ‘एकदा देऊन पाहा’ एवढी मुभा ठेवली होती. 2014 मध्ये तीही काढून घेतली. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2015 मध्ये साल्ब्युटामॉलसोबत इप्राट्रोपियम, अ‍ॅड्रेनलिन आणि स्टिरॉइड या औषधांनाही या आजारात नकार दिला.

प्रश्न : पण वाफेनंतर आमचं बाळ मोकळं झालेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आता घरातलं साल्ब्युटामॉलचं सिरप दिलं तर चालेल?

उत्तर : पाहिलंत ते खरं असेल, पण श्रेय औषधाचं असेलच असं नाही. या आजारात श्वास तासातासाला बदलतो. बाळ रडलं, खोकललं की स्रावाचा बोळा सरकतो आणि थोडा वेळ हवा नीट जाते. दवाखान्यात नेब्युलायझर ऑक्सिजनवर चालवला असेल तर त्याचाही फायदा मिळतो. सिरपने काही साधत नाही. ठोके मात्र वाढतात. देऊ नका. गरम पाण्याची वाफ तर नकोच (बोलीत दोन्हींना वाफच म्हणतात, हा एक घोळ). तिने भाजण्याचा धोका आहे.

वारंवार घरघर होणारं, वर्षाच्या पुढचं मूल असेल, घरात दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल, तर निदान वेगळं निघू शकतं आणि तिथे डॉक्टर हे औषध विचारपूर्वक देतात.

प्रश्न : मग घरी करायचं तरी काय?

उत्तर : नाक आणि दूध, या दोनच गोष्टींवर लक्ष द्या. लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही. पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे (नाकात घालायच्या मिठाच्या पाण्याचे) एक-दोन थेंब टाका, मग बाहेर आलेला शेंबूड हलकेच पुसा किंवा नाकाच्या पंपाने ओढून काढा. पंप नाकात खोल घालू नका, आतली त्वचा सुजते. दूध थोडं-थोडं, पण जास्त वेळा पाजा. घरात कुणीही धूम्रपान करू नये. अँटिबायोटिकचा विषाणूवर परिणाम होत नाही.

बाळ शांत असताना पूर्ण 60 सेकंद श्वास मोजा. 15 सेकंद मोजून चौपट केलं तर चूक होते. श्वास 60 च्या वर गेला, दूध नेहमीच्या निम्म्यावर आलं किंवा 12 तासांत लंगोट ओला झाला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास मध्येच थांबणं, ओठ निळे पडणं, कण्हणं, बरगड्यांखाली खोल खड्डे पडणं, बाळ निपचित होणं : यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. तीन महिन्यांच्या आतलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा जन्मजात हृदयविकार असलेलं बाळ असेल तर ही लक्षणं दिसेपर्यंत वाट पाहू नका. रुग्णालयातही मुख्य उपचार म्हणजे गरजेपुरता ऑक्सिजन आणि पोटात घातलेल्या नळीने किंवा शिरेतून द्रव.

त्रास साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असतो. खोकला बहुतेक बाळांत तीन आठवड्यांत जातो, तेव्हा दहाव्या दिवशी बाळ नीट पीत असेल आणि फक्त खोकत असेल, तर नेब्युलायझर पुन्हा काढायचं कारण नाही.