मोकळ्या गावरान कोंबड्यांची राखण: आधी चोर ओळखा, मग जाळी आणा

संगमेश्वरकडे घर, मागे काजूची बाग, कोंबड्या दिवसभर मोकळ्या आणि पंधरवड्यात सहा गेल्या. आता कुत्रा पाळू, जाळी मारू की सगळ्या कोंडूनच ठेवू, असं तुम्ही विचारलंय. कोंडू नका. मोकळी फिरणारी कोंबडी वाळवी, किडे, कोवळं गवत टिपून बरंचसं पोट स्वतःच भरते, आणि गावरान अंड्याला गिऱ्हाईक आहे ते त्याचमुळे. पण सहा कोंबड्या कोणी नेल्या ते कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. घारीसाठी केलेला बंदोबस्त रानमांजराला अडवत नाही.

दिवसा, लख्ख उन्हात पिल्लू गेलं आणि मागे पीसही नाही, तर घार किंवा शिक्रा. मोठी कोंबडी दिवसा वरून उचलली गेली तर मोरघारीचा (तुरेवाल्या मोठ्या शिकारी पक्ष्याचा) संशय घ्या. ती झाडात न हलता बसून राहते, त्यामुळे आकाशाकडे बघून सापडत नाही. मान-डोकं चावलेल्या दोन-तीन कोंबड्या जागीच पडलेल्या असल्या तर दिवसा मुंगूस, रात्री कांडेचोर (झाडावर चढणारं उदमांजर). अंगणभर पिसांचा सडा, चार-पाच मेलेल्या आणि खाल्लेली जवळजवळ एकही नाही, हे काम कुत्र्यांचं. आणि बहुतेक वेळा ती वाडीतलीच असतात, हे ऐकायला कोणाला आवडत नाही. एकच कोंबडी नाहीशी आणि पिसांची ओळ गडग्याकडे (दगडी बांधाकडे) गेलेली, तर रानमांजर किंवा कोल्हा. अंडी टरफलासकट गेली, किंवा मेलेल्या पिल्लाचं डोकं ओलं-चिकट दिसलं, तर साप, धामण किंवा नागही. गिळायला घेऊन सोडून दिलेलं असतं. पिल्लं रात्रीत कमी होतात आणि खुराड्याच्या कोपऱ्यात ताजी माती उकरलेली दिसते तेव्हा घूस, आणि तिथे लोक हमखास सापाला दोष देतात. मेलेल्या कोंबडीजवळ जो दिसतो तोच मारेकरी, असंही धरू नका. कावळा, मुंगूस हे मेलेलं खायलाही येतात.

रात्रीचं नुकसान जवळपास पूर्ण थांबवता येतं. दिवसाचं कमी होतं, शून्यावर येत नाही. हे मनाशी धरूनच मोकळ्या कोंबड्या पाळायच्या.

रात्रीसाठी खुराडं. दुकानात कोंबडीजाळी म्हणून मिळते ती षटकोनी, पातळ तारेची जाळी कोंबडीला आत ठेवण्यापुरती असते. कुत्रा ती दातांनी फाडतो आणि मुंगसाचं पिल्लू किंवा धामण तिच्या भोकांतून आत येते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (सांधलेल्या ताठ तारांची जाळी) घ्या. महाग पडते, म्हणून सगळं खुराडं जाळीचं करू नका: भिंती चिऱ्याच्या किंवा फळ्यांच्या, आणि हवेसाठी वरच्या बाजूला दोन-तीन फूट जाळी. जमिनीवरचं खुराडं असेल तर जाळी भिंतीच्या बुडाशी बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी पसरून वर माती आणि दगड टाका. उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच उकरतो, दोन फूट मागे सरकून सुरुवात करणं त्याला सुचत नाही. छपराकडे आपलं लक्ष नसतं. कांडेचोर कौलं सरकवून आत उतरतो, तेव्हा कौलांखाली जाळी हवीच. दाराला नुसता आकडा नको. कडी आणि त्यात खिट्टी.

खुराडं कितीही मजबूत असलं तरी तुमच्या निम्म्या कोंबड्या फणसावर झोपत असतील तर उपयोग नाही. झाड चढणाऱ्यासाठी ती मांडून ठेवलेली पंगत आहे, आणि अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही. त्या सगळ्यांना आठ-दहा दिवस खुराड्यातच ठेवा, आत बसायला दांड्या द्या, दाणापाणी आतच करा. पुढे मोकळ्या सोडल्यावरही संध्याकाळच्या कण्या कायम खुराड्यातच टाकायच्या, अंगणात कधीच नाही. दिवेलागणीला मोजून दार लावायचं. सकाळी उजाडताच सोडायची घाई करू नका. पहाटे रानमांजर फिरत असतं, आणि बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी घालतात. नऊच्या सुमारास सोडल्या तर बरीचशी अंडी खुराड्यातल्या खोक्यात पडतात. झुडपात घातलेल्या अंड्यांवर घोरपड आणि मुंगूस एकदा आले की त्या वाटेने रोज येतात.

दिवसाची राखण म्हणजे आडोसा. कोंबडी मुळात रानाच्या कडेचा पक्षी. झाडून सारवून स्वच्छ केलेलं उघडं अंगण आपल्याला सुंदर दिसतं, तिला ते धोक्याचं. दर दहा-पंधरा पावलांवर जास्वंद, अडुळसा, तुती असं एखादं झुडूप हवं, पण त्याचा तळ फूटभर छाटलेला, म्हणजे आत शिरलेल्या कोंबडीला बाहेरचं दिसतं. गवताचं मात्र उलट. पावसाळ्यात गुडघाभर वाढलेलं गवत दबा धरणाऱ्याच्या कामाचं, तेव्हा खुराड्याभोवती आठ-दहा फूट पट्टा कापत राहा.

आणि कोंबडा. याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. घार दिसली की तो एकच लांब, बारीक आवाज काढतो आणि कोंबड्या आडोशाला जाऊन गप्प होतात. जमिनीवरून कोणी आलं तर तोच कोंबडा मान ताठ करून थांबून थांबून ओरडत राहतो. काही दिवस कान दिलात तर घरातून तुम्हालाही कळेल की वर बघायचं की गडग्याकडे. आठ-दहा कोंबड्यांमागे असा एक सावध कोंबडा ठेवा. राखणदार देवाला कोंबडा द्यायची वेळ आली की अंगाने मोठा म्हणून नेमका हाच उचलला जातो, दुसरा द्या.

पिल्लं पहिले दीड-दोन महिने पूर्ण मोकळी सोडू नका. थंडी सरताना घारींची वीण असते, तेव्हा तर नाहीच. खुडूक कोंबडीखाली काढलेली पिल्लं आईच्या एका हाकेवर पंखाखाली जातात. यंत्रातून आणलेल्यांना ती हाक नसते, त्यांना जास्त जपा. आईसकट डालग्याखाली ठेवा, किंवा अंगणाच्या एका कोपऱ्यावर मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांधा. ते सैल लोंबू देऊ नका आणि रोज बघा, त्यात धामणी अडकून मरतात. चकचकीत पट्ट्या, जुन्या सीडी यांना घार थोड्या दिवसांत सरावते.

रागाच्या भरात फासकी लावू नका, विष तर मुळीच घालू नका. मुंगूस, रानमांजर, घोरपड हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. फासकीत रानमांजराऐवजी बिबट्याही अडकतो, आणि विषाने आधी शेजाऱ्याचं कुत्रं मरतं. धामण तुमच्या घुशी-उंदरांवर जगते. ती मारलीत तर घुशी वाढतील आणि पिल्लं जातच राहतील. कुंपणाला वीज सोडायची असेल तर झटका मशीनच (थांबून थांबून क्षणभरच झटका देणारं). घरातल्या लाइनची उघडी तार कधीही नाही, त्यात माणसं गेली आहेत.

कुत्र्याचं म्हणाल तर पाळा, पण पिल्लू असल्यापासून कोंबड्यांत वाढवा. मोठं आणलेलं कुत्रं पहिल्याच आठवड्यात तुमचीच कोंबडी धरेल. काजूच्या बागेला लागून रान असेल तर रात्री त्याला अंगणात बांधून ठेवू नका, बिबट्या कुत्र्यासाठीच येतो. रात्री पडवीत, दार लावून. आणि पुढची कोंबडी गेली की झाडलोट करायच्या आधी पिसं कुठे पडली, किती वाजता कळलं आणि खुराड्याचं दार कसं होतं, एवढं टिपून इथे लिहा.