‘फक्त नाव लागेल’ म्हणणारा मित्र

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालोय. मित्राची कुपवाड एमआयडीसीत हळदीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. ‘बिगर-कार्यकारी (रोजचा कारभार न बघणारा) संचालक हो, फक्त नाव लागेल,’ म्हणतो. होऊ का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : काका, नुसत्या नावापुरतं मुळीच होऊ नका. कंपनी कायदा २०१३ नुसार संचालक मंडळाच्या कारभारात तुमच्या माहितीत, संमतीनं किंवा हलगर्जीपणामुळे घडलेल्या चुकीला तुम्हीही जबाबदार. कंपनीनं सलग ३ वर्षं ताळेबंद भरले नाहीत, तर ५ वर्षं दुसऱ्या कंपनीतही संचालक होता येत नाही. म्हणून आधी ताळेबंद, जीएसटी आणि पीएफचा भरणा, कर्जाची कागदपत्रं मागा. कर्जप्रकरण तपासायचात तशीच तपासा. सगळं स्वच्छ असेल तर जरूर व्हा, तुमच्या अनुभवाची त्यांना खरंच गरज असेल. पण कंपनीच्या कर्जासाठी बँकेला द्यायच्या वैयक्तिक हमीवर सही नको. आणि कागद दाखवायला मित्र कचरला, तर तिथंच नाही म्हणा.