एफटीपी जोडणी अडते तेव्हा आधी काय पाहावे

धुळ्याच्या छापखान्यातून जळगावच्या सर्व्हरवर एफटीपीने (एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवण्याच्या पद्धतीने) फाइल जात नाही, म्हणून लगेच क्लायंट (फाइल पाठवणारा प्रोग्राम) बदलू नका. नवशिक्यांची पहिली चूक हीच असते. आधी लॉग, म्हणजे जोडणीच्या टप्प्यांची नोंद, वाचा. लॉगिन होऊनही फोल्डरची यादी येताना सारे थांबत असेल, तर पासवर्ड बरोबरच आहे. एफटीपीमध्ये आज्ञा सहसा २१ क्रमांकाच्या पोर्टवरून (जोडणीच्या क्रमांकित दारातून) जातात, पण यादी आणि फाइल यांसाठी वेगळी जोडणी उघडते व तीच बहुधा फायरवॉलने (नको त्या जोडण्या रोखणाऱ्या सुरक्षा यंत्रणेने) अडवलेली असते. म्हणून पॅसिव्ह मोड निवडून पाहा; त्यात ही दुसरी जोडणीही क्लायंटच उघडतो. एसएफटीपी हा मात्र निराळाच प्रोटोकॉल (संगणकांमधील संवादाचे नियम) असून तो सहसा २२ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. नावातील साम्याने मीही फसलो होतो. झिप आणि छायाचित्रे बायनरी मोडमध्येच, म्हणजे काहीही न बदलता जशीच्या तशी, पाठवा. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली, तर दोन्हीकडे यूटीएफ-८ (मराठी अक्षरेही सामावणारी संकेतपद्धत) आहे का, ते तपासा. एका वेळी एकच सेटिंग बदला.