मुलांना बर्फ दाखवायचा आहे, पण बेताच्या खर्चात

प्रवासाविषयीच्या पत्रांपैकी या महिन्यात तीन पत्रे एकाच विषयावरची आली. त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत. पहिले पत्र सर्वांत मोकळेपणाने लिहिलेले असल्यामुळे त्याचे उत्तरही सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही फोंड्याला राहतो. मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे. चतुर्थीला घरी आलेल्या नणंदेच्या मुलांनी काश्मीरचे फोटो दाखवल्यापासून दोघांनीही बर्फाचा ध्यास घेतला आहे. नाताळच्या सुट्टीत मनालीला जावे असा आमचा विचार असून त्यासाठी ऐंशी हजार रुपये बाजूला काढले आहेत. एवढ्यात चौघांची सहल होईल का? विमानाने जावे की रेल्वेने? गरम कपडे आमच्याकडे जवळजवळ नाहीतच. ते सगळे विकत घ्यावे लागतील का?

उत्तर : ऐंशी हजारांत ही सहल होऊ शकते, मात्र नाताळात नव्हे. खर्चाचे गणित ठिकाणावर जेवढे अवलंबून असते त्याहून अधिक ते तारखेवर असते, आणि तारीख ठरवण्यापूर्वी मुलांना आकाशातून पडणारा बर्फ दाखवायचा आहे की जमिनीवर पडलेल्या बर्फात खेळू द्यायचे आहे, हे आपण दोघांनी आधी ठरवावे. पडणारा बर्फ कोणालाही आरक्षित करता येत नाही. उत्तरेत हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे विक्षोभ, म्हणजे ढगाळ-वादळी हवेचे पट्टे, हिमवृष्टी घडवतात; ते कधी लागोपाठ येतात, कधी आठवडेच्या आठवडे फिरकत नाहीत. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गसारख्या ठिकाणचे उतारसुद्धा महिन्याचा बराचसा काळ कोरडे होते आणि खरा बर्फ महिनाअखेरीस व पुढे फेब्रुवारीत पडला. डिसेंबरचा शेवटचा आठवडा तर त्याहून बेभरवशाचा असतो. बर्फ पडलाच नाही तर तो शोधत टॅक्सीने वरवर जावे लागते, आणि पडलाच तर रस्ते अडतात. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस मनालीच्या वरचे सोलंग ते डोंगराखालून लाहौल भागात नेणारा अटल बोगदा या टप्प्यात शेकडो गाड्या बर्फात खोळंबल्या होत्या. चार वर्षांच्या मुलाला घेऊन अशा रांगेत रात्र काढण्यासाठी वर्षातले सर्वांत महाग हॉटेलभाडे मोजावे, असे आम्हाला वाटत नाही.

पडलेल्या बर्फात खेळणे एवढाच हेतू असेल तर गोव्यातील पालकांच्या हाती एक सोय आहे, जी दिल्ली-पंजाबकडच्या पालकांना नाही. आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी लवकर लागते. दिल्लीच्या शाळा साधारण मेच्या मध्याकडे बंद होतात आणि पंजाब-हरियाणाच्या त्याहूनही उशिरा. त्यानंतर महिनाभर मनालीत पाय ठेवायला जागा नसते आणि भाडी भडकतात. मेच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत जाऊन परत आल्यास ती गर्दी टळते, खोलीच्या भाड्यात घासाघीस करता येते, आणि उंचावर बर्फही शिल्लक असतो. घरी आंबे-फणस पिकत असताना उत्तरेला जाणे आजीला पटणार नाही, पण तेवढा वाईटपणा घ्यावा लागेल. मुलीची वार्षिक परीक्षा मार्चमध्ये संपून मध्ये काही मोकळे दिवस मिळत असतील तर मार्चअखेरचा काळ बर्फाच्या दृष्टीने आणखी चांगला असतो, कारण तेव्हा सोलंगच्या वर आणि बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये बर्फाचा थर बहुधा जाड असतो. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी यांत मात्र लाहौलमधील सिस्सू परिसरातील गावे आपल्या धार्मिक सणांसाठी पर्यटनाचे व्यवहार बंद ठेवत असल्यामुळे, त्या काळात जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

आता प्रवासाविषयी. मडगावहून चंडीगडला थेट जाणारी गोवा संपर्क क्रांती ही रेल्वेगाडी आहे, आणि तेथून पुढे बसने मनाली गाठता येते. ती रोज नसते, आणि प्रवासाला साधारण दीड दिवस लागतो. विमानात दोन वर्षांवरील मुलाला स्वतंत्र आसन घ्यावे लागते व त्याचे भाडे मोठ्यांच्या जवळपास पडते, म्हणजे आपल्याला चार तिकिटे लागतील. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला वेगळा बर्थ न घेतल्यास तिकीटच लागत नाही; मुलीला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे आणि नको असेल तर अर्धे भाडे पडते. तिचा बर्थ अवश्य घ्यावा. तीन बर्थमध्ये चौघे नीट झोपतात. दोन बर्थमध्ये चौघांची सोय करायला गेल्यास चंडीगडला उतरेपर्यंत आई-वडिलांचे कंबरडे मोडते. आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यासाठी मार्चच्या सुरुवातीलाच सकाळी आठ वाजता तयारीत बसावे. मे महिन्यात उत्तरेकडील गाड्या पहिल्याच दिवशी भरत जातात. ते तिकीट न मिळाल्यास मडगावहून निजामुद्दीनला जाणाऱ्या गाड्या आहेत आणि दिल्लीहून रात्रीच्या बसने मनाली गाठता येते. मात्र ही बस बारा-चौदा तास घेते, तर चंडीगडहून अंतर सुमारे तीनशे किलोमीटर असून ते दिवसाउजेडी पार होते. घाटवळणांवर मुलांना ओकाऱ्या होण्याचा संभव धरून पुढच्या बाजूची आसने घ्यावीत, निघण्यापूर्वी हलके खाऊ घालावे आणि औषधाची मात्रा बालरोगतज्ज्ञांकडून लिहून आणावी.

पैशांची विभागणी आम्ही अशी सुचवू. रेल्वे आणि बस मिळून जाण्यायेण्यासाठी पंचवीस हजार, मनालीतील पाच रात्रींसाठी पंधरा, खाण्यासाठी बारा, आणि टॅक्सी, भाड्याचे कपडे, बर्फावरची घसरगाडी यांसाठी पंधरा हजार ठेवावेत. उरलेले तेरा हजार घरातून निघताना नाहीतच असे समजावे. डोंगरात दरड कोसळून एक दिवस अडकणे किंवा मुलाला ताप येऊन डॉक्टरकडे जाणे यात काहीच असाधारण नाही, आणि अशा वेळी हाताशी पैसे नसले की चुकीचे निर्णय घेतले जातात.

मुक्काम मनालीत किंवा जवळच्या वशिष्ठ गावात करावा, बर्फाजवळ करू नये. मनाली सुमारे दोन हजार पन्नास मीटर उंचीवर आहे, सोलंग अडीच हजारांच्या आसपास, आणि बोगद्यापलीकडचे सिस्सू तीन हजार शंभरांच्या घरात. समुद्रसपाटीवरून आलेल्या मुलाने खाली झोपावे आणि दिवसा वर जाऊन यावे, हे आरोग्याच्या दृष्टीने योग्य आणि खर्चाच्या दृष्टीने स्वस्तही असते. पोचल्याच्या दिवशी कुठेही धावू नये. देवदारांच्या राईतील हिडिंबा मंदिर १५५३ साली बांधलेले आहे आणि त्या झाडांखाली मुलांना दोन तास मोकळे सोडले तरी पैसा खर्च होत नाही. वशिष्ठ येथील गरम पाण्याच्या झऱ्यांवरही तसेच.

बर्फासाठी एक दिवस पुरतो, पण हाताशी दोन राखून ठेवावेत, आणि हवामान व रस्त्याची स्थिती पाहून टॅक्सी आदल्या संध्याकाळी ठरवावी. आता रोहतांगला जावे की नाही? ही खिंड ३,९७८ मीटर उंच असून हिवाळ्यात बंद असते, आणि सहसा मे महिन्यात केव्हातरी पर्यटकांसाठी उघडते. तेथे जाणाऱ्या गाड्यांना दिवसाला बाराशेची मर्यादा आहे (आठशे पेट्रोलच्या, चारशे डिझेलच्या), परवाना ऑनलाइन काढावा लागतो, आणि मंगळवारी देखभालीसाठी पर्यटकांना रस्ता बंद असतो. हंगामात हिमाचल परिवहनाची विजेवर चालणारी बस जाते व ती टॅक्सीपेक्षा बरीच स्वस्त पडते. परंतु मेच्या पहिल्या आठवड्यात खिंड उघडलेलीच नसण्याची शक्यता असल्यामुळे तिच्या भरवशावर बेत आखू नये. खिंडीच्या वाटेवरील मढीपर्यंतचा रस्ता खुला असेल तर तेथे, अथवा २०२० साली सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे जाऊन कोकसरच्या बाजूला बर्फ गाठावा. रस्त्याकडेचा बर्फ तोवर धुळीने मळलेला असतो; शे-दोनशे पावले आत चालत गेले की स्वच्छ थर मिळतो. मुलांना मळक्या बर्फाचेही काही वाटत नाही, ही तक्रार मोठ्यांचीच असते.

कपड्यांची काळजी आपण वाटते त्याहून अधिक करत आहात. जाड बर्फसूट आणि गमबूट मनालीतून वर जाताना वाटेत भाड्याने मिळतात. ते विकत घेऊन फोंड्याच्या कपाटात बुरशी लागू देण्यात अर्थ नाही. घेताना सूटची चेन नीट लागते का, बुटाला आतून ओल आहे का, हे पाहावे, आणि भाडे व अनामत दोन्ही आधी ठरवावेत. विकत घ्यायचे ते अंगाला चिकटणारे थर्मल, लोकरीचे मोजे आणि हातमोजे. मुलांसाठी बोटे वेगवेगळी नसलेले हातमोजे अधिक ऊब देतात. त्यावर स्वेटर, आणि त्यावर आपला पावसाळ्यातला रेनकोट. गोव्यातल्या प्रत्येक घरात चांगला रेनकोट असतो आणि बर्फात बसलेल्या मुलाला कोरडे ठेवण्याचे काम तो उत्तम करतो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आत सुती गंजीफ्रॉक मात्र घालू नये, कारण घामाने किंवा वितळलेल्या बर्फाने तो भिजला की अंगाला गारठा धरतो. मोज्यांचे दोन आणि पॅंटचा एक जादा जोड टॅक्सीतच ठेवावा. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना आणि कातडीला भाजते, म्हणून मुलांनाही काळा चष्मा आणि सनस्क्रीन लावावे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना उन्हाची सवय असल्यामुळे ही गोष्ट हमखास दुर्लक्षित होते.

खोली ठरवताना हीटर भाड्यात धरला आहे की वेगळा आकारला जातो, गरम पाणी दिवसभर असते की ठरावीक वेळेत, एवढे विचारून घ्यावे. आणि थंडी कितीही वाजली तरी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू देऊ नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणसे दगावतात.

प्रश्न : मुलगा आणि सून आठ महिन्यांच्या नातीसह गुलमर्गला जाणार असून मलाही आग्रह करत आहेत. मला रक्तदाबाचा त्रास आहे. जावे का? (एक आजी, डिचोली)

उत्तर : आजींनी जावे, पण नातीच्या बाबतीत आम्ही थोडे कठोर बोलणार आहोत. आठ महिन्यांच्या बाळाला डोके दुखते आहे की भूक लागली आहे, हे सांगता येत नाही. उंचीचा त्रास, थंडी आणि प्रवासाचा शीण यांची लक्षणे त्याच्यात एकसारखीच दिसतात. सून-मुलाला वर्षभर थांबता येत असेल तर थांबावे. जाणारच असतील तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेऊन मुक्काम श्रीनगरला ठेवावा, जे सुमारे सोळाशे मीटरांवर आहे, आणि गुलमर्गला दिवसभरासाठी जाऊन यावे. गुलमर्ग स्वतः साडेसव्वीसशे मीटरांवर आहे. तेथील गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्याचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो. दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या बाजूला जवळपास चार हजार मीटरांवर नेतो, तेथे बाळाला नेऊ नये आणि आपणही जाऊ नये. गोंडोलाची तिकिटे ऑनलाइन आधी काढावी लागतात व हंगामात लवकर संपतात. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, सामानात नव्हे, आणि निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावे. हिवाळ्यात गुलमर्गच्या वाटेवरील तंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनेच जावे लागते आणि त्या गाडीचे भाडे वेगळे पडते, याची कल्पना मुलाला द्यावी.

प्रश्न : सहल कंपनीचे पॅकेज घ्यावे की स्वतः जावे? पॅकेजचा दर स्वस्त वाटतो. (मडगाव)

उत्तर : बहुतेक पॅकेजचा दर दिल्ली किंवा चंडीगडपासूनचा असतो, मडगावपासूनचे भाडे त्यात मिळवून मग तुलना करावी. दरात न धरलेल्या बाबी लेखी मागाव्यात. बोगद्याच्या किंवा रोहतांगच्या दिवसाची टॅक्सी, परवाना, हीटर, दुपारचे जेवण आणि बर्फावरचे खेळ हे बहुधा या न धरलेल्या बाबींतच निघतात. मुलाला वेगळा पलंग मिळणार की आई-वडिलांच्या पलंगावरच झोपावे लागणार, हेही विचारावे. कुटुंबात वृद्ध असतील आणि हिंदीत वाटाघाटी करण्याचा कंटाळा असेल तर पॅकेज सोयीचे. दोन लहान मुलांच्या आई-वडिलांनी मात्र स्वतः जावे, कारण सकाळी सात वाजता बस सुटते म्हणून झोपलेल्या मुलाला उठवण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. घसरगाडी ओढणाऱ्याशी दर ठरवताना तो माणशी आहे की फेरीचा, जाण्याचा आहे की जाऊन येण्याचा, हे गाडीत बसण्याआधी दोनदा विचारून घ्यावे.